जीप आणणारे कैलासचंद्र महिंद्र
(प्रतिनिधी)

मरोळ नाक्यावर डोक्यावरून एक मेट्रो धावते आणि पायाखालून दुसरी. तरीही नाक्याच्या आतल्या बाजूला, औद्योगिक गाळ्यांच्या रांगेत, मोटारदुरुस्तीची काही जुनी दुकाने अजून तग धरून आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका गाळ्यात एक जुनी महिंद्र जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली दिसली. तिचा मागचा आस उघडलेला होता, क्राऊन व्हील वर्तमानपत्राच्या कागदावर काढून ठेवले होते आणि मालक व मिस्त्री त्याच्याकडे बघत उभे होते. मालकाला जुलैमध्ये मित्रांबरोबर मावळात भाताच्या खाचरांतून आणि ओढ्यांतून गाडी घालायची होती. गेल्या वर्षी तो तिथे अडकला होता. चारही चाकांना जोर देणारा गियर टाकलेला असूनही गाडी जागची हलली नव्हती. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके नुसतीच भिरभिरत राहिली होती. त्यामुळे यंदा डिफरन्शियलला लॉक बसवायचे हे ठरलेले होते. कोणते बसवायचे, हे मात्र ठरत नव्हते.

हा प्रश्न वरकरणी चार हौशी माणसांचा वाटेल. पण तो ज्या गाडीमुळे आपल्याकडे आला ती गाडी या देशात कशी आली, हे पाहू गेल्यास एका माणसापाशी येऊन थांबावे लागते. कैलासचंद्र महिंद्र हे ते गृहस्थ. उद्योगजगतात ते केसी या नावाने ओळखले जात. महिंद्र हे आडनाव आज घराघरात ठाऊक आहे. परंतु आडनावामागचे दोन भाऊ कोण होते, हे विचारल्यास मुंबईकरांपैकीही फारच थोडे सांगू शकतील.

केसींचा जन्म १८९४ चा, पंजाबातील लुधियानाचा. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक दुसरा. थोरले जगदीशचंद्र त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. वडील लवकर वारले आणि घराचा भार जगदीशचंद्रांवर आला. अशा घरात थोरल्याने मिळेल ती नोकरी धरायची आणि धाकट्यांनीही लवकरात लवकर मिळवते व्हायचे, हा तेव्हाचा रिवाज होता. जगदीशचंद्रांनी तो मोडला. भावंडांचे शिक्षण थांबता कामा नये, या हट्टाला ते चिकटून राहिले. त्यांचे स्वतःचे तांत्रिक शिक्षण मुंबईत, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये झाले. आज माटुंग्यात असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. धाकट्या कैलासचंद्रांना मात्र त्यांनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजानंतर थेट केंब्रिजला धाडले. पितृछत्र हरपलेल्या कुटुंबातील एका मुलाला विलायतेस पाठवणे म्हणजे बाकीच्यांनी किती गोष्टींवाचून राहणे, याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही. केसींच्या पुढच्या आयुष्यातील एक मोठा निर्णय समजून घ्यायचा तर एवढी गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे.

केंब्रिजहून परतल्यावर केसींनी कोलकात्यातील मार्टिन आणि कंपनीत नोकरी धरली. व्हिक्टोरिया मेमोरियलची भव्य वास्तू उभारणारी हीच ती कंपनी. तिचे सूत्रधार सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे इंग्रजी भांडवलाच्या त्या काळात स्वतःच्या हिमतीवर मोठे झालेले एतद्देशीय उद्योजक होते. केसींवर त्यांची छाप इतकी खोल पडली, की पुढे त्यांनी राजेंद्रनाथांचे चरित्रच लिहिले. ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या वरिष्ठाचे चरित्र लिहिणारा व्यवस्थापक ही आजही दुर्मीळ जात आहे. केसींचा पिंड कारखान्यातील यंत्रांपेक्षा कागद, अहवाल आणि वाटाघाटी यांत अधिक रमणारा होता, असे यावरून म्हणता येईल. इंजिनीअर ते कधीच नव्हते. जीपच्या संदर्भात हे विसरून चालणार नाही.

इकडे जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत १९२९ ते १९४० अशी अकरा वर्षे विक्रीचे काम पाहत होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले, पोलादाची चणचण भासू लागली आणि सरकारने त्यांना देशाचे पहिले पोलाद नियंत्रक नेमले. धाकट्या भावाच्या वाट्याला १९४२ मध्ये अमेरिका आली. भारताच्या वतीने युद्धसामग्री मिळवणाऱ्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून केसी वॉशिंग्टनला गेले. एक भाऊ देशातले पोलाद वाटत होता, तर दुसरा परदेशातून सामान मिळवत होता. युद्धाच्या त्या वर्षांत कोणत्या वस्तूवाचून देशाचे अडते, हे या दोन भावांइतके जवळून पाहणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

अमेरिकेत केसींची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. रूस हे ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीचे मुख्य अभियंता. जीपचा पहिला आराखडा बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी १९४० मध्ये केला होता. पण तिला दमदार इंजिन मिळाले ते रूस यांच्याकडून. मूळचे ४८ अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी सुधारून ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. ब्रह्मदेशच्या जंगलापासून उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत ही गाडी जात होती. केसींच्या मनात तेव्हाच विचार आला, असे सांगतात, की जिथे रस्तेच नाहीत अशा आपल्या देशाला शोभेल ती गाडी हीच.

येथे थोडे विषयांतर करून मरोळच्या गाळ्यात परत यावे लागेल, कारण केसींनी जी गाडी निवडली तिच्या आसात नेमके काय होते, हे पाहिल्याशिवाय त्या निवडीची किंमत कळत नाही.

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी, आणि कोणाचे काही बिघडत नाही, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत चाकांनाच जोर द्यायचा असतो. दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट जोडली, तर वळताना त्यांतले एक घासत जाणार. यावर तोड म्हणून पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलची युक्ती काढली. आसाच्या मध्यभागी छोट्या गियरची एक जोडणी बसते आणि ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, मात्र वेग ज्याचा त्याला ठेवू देते. सपाट रस्त्यावर यापरते सुख नाही. चिखलात मात्र हीच युक्ती उलटते. सारखाच जोर याचा अर्थ असा, की हवेत लोंबकळणाऱ्या चाकाला फिरायला जेवढा लागतो तेवढाच नाममात्र जोर जमिनीवर घट्ट बसलेल्या चाकालाही मिळतो. मग एक चाक भिरभिरते आणि दुसरे ढिम्म राहते. चार चाकांना जोर देणाऱ्या गाडीत असे दोन आस असतात. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी सुटले, की चार चाकांची गाडीही दोन पैशांची होते. मावळातील खाचरात घडले ते हेच.

विलीजच्या जीपमध्ये दोन्ही डिफरन्शियल अशी साधी, मोकळीच होती. लॉक कुठेच नव्हते. अमेरिकी अभियंत्यांचा भर चारही चाकांना जोर देण्यावर, गियरमध्ये दुसरी एक सावकाश पण ताकदवान पायरी ठेवण्यावर आणि गाडी हलकी ठेवण्यावर होता. उरलेले काम ढकलणाऱ्या सैनिकांवर सोपवलेले असावे, अशी शंका येते.

त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी उलट टोकाचा विचार केला होता. त्यांच्या सोळा सिलिंडरच्या शर्यतीच्या मोटारींना एवढी ताकद होती, की एक मागचे चाक वेगातही नुसतेच फिरत राही. तेव्हा झेडएफ या गियर बनवणाऱ्या कंपनीने १९३५ च्या सुमारास स्वतःहून अडकणारे डिफरन्शियल तयार करून दिले. तेच तंत्र पोर्शे यांनी जर्मन लष्कराच्या क्यूबेलवागन या छोट्या गाडीत वापरले. या गाडीची मागची दोनच चाके जोर देत. तरी सुमारे सव्वासातशे किलो वजन, सपाट बूड आणि चाक सुटताच जोर दुसऱ्या चाकाकडे वळवणारा मागचा आस या तीन गोष्टींच्या बळावर ती अनेकदा जीपच्या मागोमाग जाऊ शके. जीपचे वजन एक टनाच्या आसपास. दोन देशांनी एकाच चिखलाला दिलेली ही दोन उत्तरे होत. संख्येत मात्र तुलनाच नाही. क्यूबेलवागन पन्नास हजारांच्या आसपास बनल्या आणि जीप त्याच्या बारापटीहून अधिक.

भारताच्या वाट्याला अमेरिकी उत्तर आले, ते केसी बर्लिनमध्ये नसून वॉशिंग्टनमध्ये होते म्हणून. इतिहासात अशा गोष्टी बहुधा गुणवत्तेपेक्षा मुक्कामावर ठरतात. पण या बाबतीत ते बरेच झाले, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. लॉक नंतर बसवता येते. मरोळच्या गाळ्यात तेच चालले होते. पुढच्या चाकांना जोर देणारा आस नंतर बसवणे मात्र कोणत्याही मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचे काम आहे.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. धंदा पोलादाचा. जगदीशचंद्र, केसी आणि अर्थकारणातील अनुभवी अधिकारी मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे कर्ते. हिंदू आणि मुसलमान भागीदारांची नावे एका पाटीवर एकत्र असावीत, हा त्या अस्वस्थ काळातला विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. केसी तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. सुस्थिर कंपनीतील मानाचे पद आणि सरकारदरबारी वजन असलेला माणूस त्या वयात निवृत्तीचा विचार करतो. अमेरिकेहून परतलेल्या केसींना सरकारने कोळसा क्षेत्रविषयक समितीचे अध्यक्षपद दिले होते, मोटारी आणि ट्रॅक्टर यांविषयीच्या मंडळाचेही दिले होते. कोळशाविषयीचा त्यांच्या समितीचा १९४६ चा अहवाल पुढे कित्येक वर्षे अभ्यासला जात होता. ही सारी प्रतिष्ठा हाताशी असताना ते थोरल्या भावाच्या नव्या दुकानात येऊन बसले. केंब्रिजचा खर्च ज्याने उचलला, त्याने हाक मारल्यावर दुसरे काही घडणे शक्य नव्हते, असे वाटते. तसे त्यांनी कुठे लिहून ठेवले आहे असे नव्हे. हा आमचा तर्क.

पुढच्या दोन वर्षांत फाळणी झाली. लुधियाना भारतात राहिले, पण केसींचे कॉलेजचे लाहोर परदेशात गेले. आणि भागीदारही गेला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९५४ मध्ये तेथील घटना समिती बरखास्त करणारे तेच. मुंबईत पाटी बदलावी लागली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. आद्याक्षरे तीच राहिली, त्यामुळे छापून ठेवलेले कागद वाया गेले नाहीत, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, पोलादाच्या टंचाईत हिशेब शिकलेल्या माणसांना ती शोभते.

जीप भारतात आणण्याचे काम १९४७ पासून सुरू झाले होते. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने मुंबई बंदरात उतरत आणि माझगाव येथे त्यांची जुळणी होई. मोटारीच्या धंद्यात मुंबई तेव्हा नवखी नव्हती. शिवडीला जनरल मोटर्सची जुळणी १९२८ पासून चालू होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहत होता. वालचंदांना भारतीय मोटार हवी होती. केसींनी मोटारीचा नाद धरलाच नाही. साहेबाला, वकिलाला, डॉक्टरला शहरात फिरायला मोटार लागते. ती कोणीतरी देईलच. तहसीलदाराला, पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरला, जंगलखात्याला, पोलिसांना आणि लष्कराला काय लागते, याकडे त्यांचे लक्ष होते. गिऱ्हाईक थोडे, पण ते सरकार. आणि जाण्याच्या जागा अशा, की तिथे दुसरी गाडी पोचणारच नाही.

लष्कराची गरज किती तातडीची होती, हे एका दुर्दैवी प्रकरणातून दिसते. काश्मीरच्या लढाईच्या वेळी १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी जुन्या जीपगाड्या खरेदी करण्याचा सुमारे ऐंशी लाख रुपयांचा व्यवहार केला. त्यांतल्या दीडशेच्या आसपास गाड्याच येऊन पोचल्या आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातील पहिला घोटाळा म्हणून संसदेत ते प्रकरण गाजले. महिंद्रांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मात्र जीप देशात तयार झाली पाहिजे, या म्हणण्याला त्यानंतर फारसा विरोध कोणी केला नसेल.

१९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले. सहा वर्षांतच कंपनीने दोन आधार गमावले होते. एक फाळणीने नेला, दुसरा मृत्यूने. अध्यक्षपद केसींकडे आले आणि मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. थोरल्याने मांडलेला डाव धाकट्याने एकट्याने पुढे न्यायचा होता. खरा कसोटीचा काळ येथून सुरू झाला.

सरकारने १९५३ मध्ये मोटार उद्योगाविषयी कडक धोरण घेतले. नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे थारा नाही. भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम ज्याच्यापाशी असेल त्यानेच राहावे. जनरल मोटर्सने शिवडीचे काम आटोपते घेतले. फोर्डही गेली. या परदेशी कंपन्यांच्या मानाने महिंद्र म्हणजे एक पोलादाची पेढी. पण केसींनी राहायचे ठरवले आणि १९५४ मध्ये विलीजच्या सहकार्याने जीपची निर्मिती भारतात सुरू झाली. यात धोका किती होता, हे आज जाणवत नाही. इंजिनाचा ठोकळा ओतायचा, गियर कापायचे, आसाची नळी घडवायची. आणि हे करणारे छोटे कारखानदार तेव्हा जवळपास नव्हतेच. ते पुढे तयार झाले. अंधेरी, मरोळ, कुर्ला, ठाणे या पट्ट्यात नंतरच्या दोन दशकांत जे छोटे इंजिनीअरिंग कारखाने उभे राहिले, त्यांना मोटार कंपन्यांच्या मागणीचा मोठा आधार होता. आपल्या गाळ्यातला मिस्त्री क्राऊन आणि पिनियन यांच्यातली फट बोटाने चाचपून सांगतो, ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही.

केसींच्या काळातील गाडी होती ती उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत ती कधीच बंद झाली. येथे तिची वंशावळ दशकानुदशके चालत राहिली. निवडणुकीची मतपेटी, देवीच्या लसीची पेटी, दुष्काळी कामावरचा हजेरीपट आणि मंत्र्यांचा दौरा हे सगळे तिनेच वाहिले. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत पहिली मोटार म्हणून जी आली ती जीपच होती, आणि तीत बहुधा सरकारचा माणूस असे. मागे दोन्ही बाजूंच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली दहा माणसे हे दृश्य मात्र टोलेडोच्या अभियंत्यांनी स्वप्नातही पाहिले नसेल. ही गाडी चिखलात अडकली की लॉक नसल्याची उणीव हीच दहा माणसे खाली उतरून भरून काढत.

जीप हेच केसींचे एकमेव काम होते असे समजू नये. १९५३ मध्ये ओटिस या जगप्रसिद्ध कंपनीच्या लिफ्टची भारतीय शाखा महिंद्रांच्या सहभागाने निघाली. मुंबईच्या वाढत्या उंचीला ती उपयोगी पडली. त्याच वर्षी केसींनी शिक्षणासाठी एक विश्वस्त निधी स्थापन केला. परदेशात उच्च शिक्षणास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तो १९५६ पासून मदत देऊ लागला. ज्या मुलाला भावाने पोटाला चिमटा घेऊन केंब्रिजला पाठवले, त्याने साठीच्या उंबरठ्यावर काढलेला हा निधी आहे. त्याच्याकडे केवळ उद्योगपतीचा दानधर्म म्हणून पाहता येत नाही. मुलींच्या शिक्षणाची नन्ही कली योजना याच निधीने १९९६ मध्ये सुरू केली. खोपोलीच्या मिश्र पोलादाच्या कारखान्याची जुळवाजुळवही केसींच्याच अखेरच्या वर्षांतली.

अखेरचे मोठे पाऊल ट्रॅक्टरचे होते. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ मध्ये नवी कंपनी निघाली आणि कांदिवलीत ट्रॅक्टरचा कारखाना ठरला. त्याच वर्षी केसी निवर्तले. १९६५ मध्ये कांदिवलीतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले, ते पाहायला ते नव्हते. चिरंजीव केशव महिंद्र यांनी १९६३ मध्ये अध्यक्षपद हाती घेतले आणि २०१२ पर्यंत सांभाळले. २०२३ मध्ये त्यांचेही निधन झाले.

ट्रॅक्टरचा उल्लेख मुद्दाम केला. जीपला जे मिळाले नव्हते ते ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याच्या पायाशी कधीच आले होते. एक चाक सरीत फसले, की टाचेजवळचे पेडल दाबायचे, दोन्ही मागची चाके एकत्र बांधली जातात; बाहेर आले की पाय काढायचा. लॉक म्हणजे काय, हे शहरातल्या हौशी माणसाला समजावून सांगावे लागते, पण नांगरट करणाऱ्याला नाही. महिंद्रांच्या छोट्या गाडीला कारखान्यातूनच असे लॉक मिळायला २०१५ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या सुधारित थारच्या मागच्या आसात ईटन कंपनीचे आपोआप लागणारे लॉक आले. २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्याच तिथीला, नवी थार बाजारात आली तेव्हा काही प्रकारांत ते होते. २०२४ च्या थार रॉक्समध्ये ते बटणावर चालणारे झाले. पुण्याच्या फोर्स मोटर्सने आपल्या गुरखा गाडीला त्याआधीच पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे, चालकाच्या हाताने लागणारी लॉके दिली होती. याबाबतीत गुरखावाल्यांनी थारवाल्यांना हिणवले, तर ते ऐकून घ्यावे लागते.

आता गाळ्यातला मूळ प्रश्न. मालकापुढे वाटा अशा होत्या. सर्वांत स्वस्त म्हणजे मोकळ्या डिफरन्शियलच्याच पेटीत बसणारे, सदैव अडकलेले आणि वळताना तेवढे सुटणारे लॉक. चिखलात ते उत्तम. पण जीपची लांबी कमी असल्यामुळे ओल्या डांबरी रस्त्यावर ते अचानक लागले-सुटले, की गाडीचे मागचे अंग झटका देते. जो माणूस आठवड्याचे सहा दिवस अंधेरी-कुर्ला रस्त्यावर त्याच गाडीने जातो, त्याने हे घेऊ नये. दुसरी वाट घर्षणाच्या चकत्यांची. ती रस्त्यावर सौम्य, परंतु एक चाक पूर्ण हवेत गेले की अपुरी, आणि चकत्या झिजतात. तिसरी थारमध्ये येते तशी, आपोआप लागणारी. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरएक फेऱ्यांचा फरक पडला, की ती लागते आणि ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर लागत नाही. चालकाला काहीच करावे लागत नाही, ही तिची सोय. आधी चाक सुटल्याशिवाय ती जागी होत नाही, ही तिची खोड. घसरड्या उतरणीवर चाक सुटू नये असेच वाटत असते. चौथी वाट चालकाच्या हातातली: हवेच्या दाबाने, विजेने किंवा तारेने लागणारे लॉक. अडचण दिसताच आधीच लावावे, पार झाल्यावर काढावे. रस्त्यावर गाडी पूर्वीसारखीच राहते. खर्च सर्वांत जास्त. हवेचे घेतले तर छोटा कंप्रेसर, नळ्या आणि त्या नळ्या झाडाझुडपांत तुटण्याची काळजीही घ्यावी लागते.

मालकाला दोन्ही आसांवर लॉके हवी होती. मिस्त्रीचे मत वेगळे होते आणि ते पटण्यासारखे होते. पुढचा आस बांधला की सुकाणू जड होते, गाडी सरळ जाऊ पाहते आणि वळवलेल्या चाकावर सगळा जोर आला तर पुढचा जॉइंटच जातो. मोकळ्या डिफरन्शियलचा एक गुण असा, की चाक सुटते आणि भाग वाचतात. लॉक लावल्यावर आसाचा संपूर्ण जोर एकाच बाजूच्या शाफ्टवर येऊ शकतो. जुन्या जीपचा शाफ्ट त्यासाठी बनलेलाच नाही. म्हणून आधी मागचा आस, त्याचे शाफ्ट तपासून, बेअरिंगे नवी टाकून. त्याहीआधी चिखलाचे चांगले टायर आणि त्यांतली हवा कमी-जास्त करण्याची सवय. निम्म्या वेळा गाडी एवढ्यानेच निघते. गाडीच्या मूळ रचनेत मोठे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधोरेखित केले आहे. त्यामुळे विमा कंपनी आणि आरटीओ यांच्याकडे आधी विचारणा करून ठेवावी, हेही मालकाला सांगण्यात आले. त्याने ते ऐकल्यासारखे केले.

शेवटी मागच्या आसाला हवेचे लॉक आणि पुढचा आस टोलेडोहून आला तसाच मोकळा, असे ठरले. केसींनी आणलेल्या गाडीचा निम्मा भाग त्यामुळे शाबूत राहिला. मिस्त्रीने कागदावरचे क्राऊन व्हील उचलले, रॉकेलने धुतले आणि दातांवर निळा रंग लावून पिनियनशी ते कुठे लागते ते पाहू लागला. शिम कमी पडत होती. ती आणायला मुलगा बाजारात गेला होता.